बोकाशीचे दोन डबे, 14 महिने वापरल्यावर

रात्री सगळं आवरून झाल्यावर स्वयंपाकघरात मला तीन मिनिटं मिळतात. त्याहून जास्त वेळ मागणारी वस्तू आमच्या घरात टिकत नाही, मग ती कितीही चांगली असो. मी परिचारिका आहे, आठवड्याला दोन रात्रपाळ्या असतात. नवऱ्याची घरी परतायची वेळ ठरलेली नाही. 11 वर्षांची लेक, 6 वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा, अशी आम्ही पाच माणसं. ओला कचरा घरीच आंबवण्यासाठी घेतलेला हा बोकाशी संच आमच्याकडे 14 महिने रोज वापरात आहे, ही मला त्याची सगळ्यात मोठी शिफारस वाटते.

आधी आमच्याकडे हवेशीर कंपोस्टचा डबा होता. तो चार महिन्यांत बंद पडला. त्या पद्धतीत कचरा दोन-तीन दिवसांनी खालीवर करावा लागतो आणि ओल्याच्या जोडीला सुकी पानं, पुठ्ठा, भुसा असं भरपूर काही घालावं लागतं. कार्बन (तो सुक्यात जास्त) आणि नायट्रोजन (तो ओल्यात जास्त) यांचं प्रमाण 25 ते 30 ला 1 च्या आसपास राहिलं, की काम छान चालतं. माझ्या पाळ्यांच्या आठवड्यात मात्र ढवळायला कुणी नसायचं. कचरा चिकट व्हायचा, अळ्या पडायच्या. शिवाय शिजवलेलं अन्न त्यात घालता येत नव्हतं, आणि आमच्या कचऱ्यात तेच निम्मं असायचं. ज्यांना रोज सकाळी निवांत दहा मिनिटं मिळतात आणि दारात झाडं आहेत, त्यांनी तीच पद्धत धरावी. खत सरळ हाती येतं.

बोकाशीचं सगळं उलट आहे. इथे हवा नको असते आणि ढवळायचंही नसतं. संचात घट्ट झाकणाचे 15 लिटरचे दोन डबे येतात. आत खाली जाळी, तळाशी तोटी, वरून दाबायला एक चपटी दाबणी आणि कोंड्याची पिशवी. हा गव्हाचा कोंडा असतो. त्यावर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आणि यीस्ट वाढवून तो वाळवलेला असतो. जपानमधले शेतकरी असं आंबवलेलं खत पूर्वीपासून करत आले आहेत. ओकिनावातल्या र्‍युक्यू विद्यापीठातले तेरुओ हिगा यांनी 1980 च्या दशकात सूक्ष्मजीवांचं एक मिश्रण लोकांसमोर आणलं, आणि घरगुती बोकाशीचा प्रसार बराचसा त्या मिश्रणामुळे झाला. मी हे सगळं बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे कचऱ्याला विरजण लावायचं." इतकं नेमकं मला पुस्तिकेतही सापडलं नव्हतं. आम्ल वाढतं, कुजवणाऱ्या जिवाणूंना ते मानवत नाही, आणि अन्न सडण्याऐवजी आंबतं. त्यामुळे साली, देठ, चहाचा चोथा यांच्यासोबत खरकटं, शिळं, मासे-मांसाचे तुकडे, सगळं चालतं. पातळ पदार्थ, खूप तेल आणि मोठी हाडं तेवढी टाळायची.

कचऱ्याच्या डोंगराखालीही हवा नसतेच, पण तिथे अन्न सडताना मिथेन तयार होतो. 100 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. डब्यातलं आम्ल मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांनाही रोखतं. मला हे कळलं त्या दिवसापासून ओला कचरा पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवणं जड जायला लागलं.

आमचा रोजचा क्रम असा. दिवसभराचा कचरा ओट्यावरच्या एका झाकणाच्या डबीत जमतो. मोठा डबा दिवसातून एकदाच, रात्री उघडायचा, कारण झाकण जितक्या वेळा उघडाल तितकी हवा आत जाते. डबीतलं ओतायचं, मोठे तुकडे असतील तर कापायचे, मूठभर कोंडा सगळीकडे पसरायचा, दाबणीने घट्ट दाबायचं, वर एक जुनी ताटली उपडी ठेवायची आणि झाकण लावायचं. मी रात्रपाळीला असले की बाबा करतात. दर दोन-तीन दिवसांनी तोटीतून आंबट रस काढायचा. तो साठवायचा नाही. त्याच दिवशी शंभरपट पाण्यात मिसळून झाडांना द्यायचा. डबा भरला की 14 दिवस बंद ठेवायचा आणि तोवर दुसरा भरायचा. वर पांढरी बुरशी आली तर काम नीट चाललंय असं समजावं. हिरवी किंवा काळी आली आणि कुजका वास सुटला, तर कोंडा कमी पडलाय किंवा हवा शिरलीय. आमचा एक डबा असा बिघडला होता. माझ्या लागोपाठच्या पाळ्यांत कोंडा संपला आणि सगळे नुसताच कचरा टाकत राहिले. तो सगळा माल खोल खड्ड्यात पुरावा लागला. तेव्हापासून कोंड्याची दुसरी पिशवी घरात असल्याशिवाय पहिली फोडायची नाही असं ठरवलंय. हा खर्च चालूच राहतो, तो घेण्याआधी हिशेबात धरा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती.

पहिल्याच महिन्यात गणित बिघडलं. आमचा ओला कचरा आठवड्याला 6 किलो भरत होता. सामान तोलायच्या हातकाट्यावर मी तीन आठवडे मोजला होता. दाबून भरला तरी एका डब्यात साधारण 9 किलो मावतो. म्हणजे डबा 10 दिवसांत भरणार आणि 14 दिवस बंद राहणार. विसाव्या दिवशी दुसराही भरला, पहिला अजून चार दिवस उघडायचा नव्हता, आणि कचरा पुन्हा पिशवीत. मी तिसरा डबा मागवणारच होते. लेकीने विचारलं, "आपण कमी टाकलं तर?" त्या प्रश्नावर मी मागणी थांबवली.

पिशवीत बांधून दिलेला कचरा दुसऱ्या दिवशी डोळ्यांसमोर नसतो. या डब्यात तो थराथराने दिसतो. अन्न आंबतं, पण बरेच दिवस आपला आकार सोडत नाही. झाकण उघडलं की कालचं, परवाचं ओळखू येतं. मी आठवडाभर नीट पाहिलं. साली आणि देठ मला वाटले होते त्यापेक्षा खूपच कमी होते. जास्त होता तो मुलांच्या डब्यातून परत आलेला खाऊ, कापून काळी पडलेली फळं, फ्रिजच्या मागच्या कप्प्यात विसरलेल्या वाट्या आणि पिवळी पडलेली पालेभाजी. म्हणजे आम्ही विकत आणलेलं, निवडलेलं, शिजवलेलं अन्न. दमून घरी येऊन मीच केलेलं. ते तसं थरांत पाहताना मला फार वाईट वाटलं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल सांगतो की 2022 मध्ये जगभरात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घरांमधून गेलं. घरांतलं प्रमाण माणशी वर्षाला 79 किलो, साली-हाडांसकट. आमचं तेव्हा माणशी 62 किलो पडत होतं. सरासरीपेक्षा कमी, पण त्या वाट्या पाहिल्यावर त्या आकड्याचा आधार वाटेना.

बदल छोटेच केले, कारण मोठे आम्हाला झेपले नसते. मुलं आपापले डबे आता स्वतः भरतात. लेकीने सांगितलं की सुट्टी इतकी कमी असते की खेळायचं की खायचं, असा प्रश्न पडतो. मी वर्षानुवर्षं मायेने जास्त भरत होते आणि ते परत येत होतं. फळं कापून न देता लहान आकाराची अख्खी देते. फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरचा एक कप्पा 'आधी हे संपवा' म्हणून ठेवलाय आणि बाबा रोज दुपारचं जेवण तिथून सुरू करतात. पालेभाजी आठवड्याची एकदम आणणं बंद केलं. चार महिन्यांनी डबा भरायला 14 दिवस लागू लागले. सध्या 19 लागतात. डबा लहान होता म्हणून हे घडलं, यात मला शंका नाही. तिसरा डबा आला असता तर आम्ही तोही भरत बसलो असतो.

आणखी एक फायदा मी धरलाच नव्हता. ओलं वेगळं झाल्यावर सुका कचरा खरोखर सुका राहतो. कागदाला खरकटं लागत नाही, पुठ्ठा भिजत नाही, त्यामुळे तो पुन्हा वापरात जाण्यालायक राहतो. कचऱ्याच्या डब्याला आतून पिशवी लावायची गरज उरलेली नाही. पाकिटं आणि वेष्टनं मात्र आहेत तितकीच आहेत, त्यावर हा संच काही करू शकत नाही.

आता तक्रारी. तोटीची रबरी चकती दुसऱ्या महिन्यात गळायला लागली आणि फरशीवर आंबट रसाचा डाग पडला. घेतल्यावर आधी डब्यात पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा, गळत असेल तर तिथेच कळेल. जाळीची भोकं बारीक आहेत, चोथ्याने बुजतात. मी तळाशी फाडलेल्या पुठ्ठ्याचा एक थर घालते, तेव्हापासून त्रास नाही.

पण खरी तक्रार पुस्तिकेबद्दल आहे. तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलंय, '14 दिवसांत खत तयार'. हे खरं नाही. 14 दिवसांनी जे बाहेर येतं ते आंबवलेलं अन्न असतं, आकाराने जवळजवळ पूर्वीसारखंच आणि चांगलंच आम्लयुक्त. ते मातीत मिसळून आणखी काही आठवडे मुरावं लागतं. मी पुस्तिकेवर विश्वास ठेवला आणि पहिल्या डब्यातला माल आईने लावलेल्या गुलाबाच्या कुंडीत मुळांशी घातला. दहा दिवसांत पानं करपली आणि झाड गेलं. आई जाऊन सहा वर्षं झालीत. त्या एका वाक्यासाठी मी विक्रेत्याला लांबलचक पत्र लिहिलं. तोटीची चकती त्यांनी लगेच बदलून पाठवली, वाक्याबद्दल उत्तर आलं नाही.

आता आम्ही एक मोठा झाकणाचा टब ठेवलाय. एक भाग माल, दोन भाग माती, वरून मातीचा जाड थर. चार आठवड्यांनी त्यात ओळखू येण्यासारखं काही उरत नाही. गांडुळं असतील तर आणखी लवकर. तीच माती पुढच्या डब्यालाही वापरता येते, फक्त अधूनमधून थोडी काढून कुंड्यांना द्यायची. तेव्हा टब, माती आणि ते ठेवायला जागा नसेल, तर हा संच घेऊ नका. 14 दिवसांनी भरलेला डबा घेऊन कुठे जायचं हा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहील.

बहिणीकडेही दोघांच्या नोकऱ्या आणि लहान मूल आहे. गेल्या महिन्यात तिच्यासाठी मी हाच संच घेतला. नव्या पुस्तिकेतही ते वाक्य तसंच होतं. मी ते खोडलं आणि बाजूला लिहिलं, '14 दिवस डब्यात, मग 4 आठवडे मातीत, मुळांपासून लांब', आणि मगच संच तिच्या हाती दिला.