रंगवही, चित्रकलेचा क्लास की आर्ट थेरपिस्ट?

बाबा गेले त्या वर्षी चित्रं आमच्या घरात तीन वाटांनी आली. मैत्रिणीने मंडलाची, म्हणजे गोलाकार नक्षीची, रंगवही आणून दिली. मग मी शनिवारच्या चित्रकलेच्या क्लासला जाऊ लागले. सात महिन्यांनी झोप पार उडाली तेव्हा आर्ट थेरपिस्टकडे, म्हणजे चित्रांच्या आधाराने मनावर उपचार करणाऱ्या ताईंकडे, गेले. तिन्हींचा उपयोग झाला, पण प्रत्येकाचा निराळा. आता ओळखीतलं कुणी विचारतं, "काय करू गं, कशाने बरं वाटेल?" तेव्हा मी आधी एवढंच विचारते: तुला तासभर डोकं शांत हवंय, की आत काहीतरी अडकलंय? उत्तरावर पुढचं बरंचसं ठरतं.

रंगवही आणि रांगोळी

रंगवहीला कमी लेखू नका. २००५ साली अमेरिकेत करी आणि कॅसर या दोन संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. आधी मुलांच्या मनात मुद्दाम थोडी चिंता जागी केली. मग काहींना मंडला रंगवायला दिला, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडला आणि चौकडी रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. मला यात नवल वाटत नाही. कोरा कागद पुढे आला की "आता काय काढू?" हा प्रश्न आधी छळतो. आखलेली नक्षी तो प्रश्नच काढून घेते. हाताला काम मिळतं आणि डोक्याला सुट्टी.

हे मी रंगवहीपेक्षा आईकडे पाहून जास्त शिकले. बाबा गेल्यावर तिने उंबऱ्यापुढची रांगोळी थांबवली होती. दिवाळीही तशीच गेली. फेब्रुवारीत एका सकाळी दार उघडलं, तर आई पाटावर बसून ठिपके मोजत होती. १५ ते ८. चिमटीतून रांगोळी सुटत होती, ओठ हलत होते, आणि एक ठिपका चुकला तेव्हा तिने बोटाने तो हलकेच पुसला आणि पुन्हा घातला. अर्धा तास तिने मान वर केली नाही. त्या दिवशी ती जेवली नीट. मी तिला नंतर थेरपिस्टकडे चल म्हटलं, तर म्हणाली, "मला नको ते बोलणं. माझे ठिपके पुरेत." आणि खरंच पुरले. त्यामुळे तुमच्याकडे असं एखादं जुनं हाताचं काम असेल, रांगोळी, विणकाम, गणपतीच्या दिवसांत शाडूची मूर्ती, तर रंगवही विकत घेण्याआधी तिकडे वळा.

माझं मात्र तसं झालं नाही. रंगवत असेपर्यंत बरं वाटायचं, वही मिटली की सगळं परत. नवव्या पानानंतर मी ती उघडलीच नाही.

क्लास

आपल्याकडे चित्रकला म्हटलं की डोळ्यांपुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि शेवटी ग्रेड. "माझा हात बरा नाही" हे अनेकांच्या मनात तिथेच पक्कं बसतं. क्लास निवडताना हे ध्यानात ठेवा: तिथे चित्र चांगलं यावं म्हणून शिकवतात, आणि त्यासाठीच चुका दाखवतात.

असं असूनही क्लासचे फायदे खरे आहेत. घराबाहेर पडायला कारण मिळतं. चार माणसं भेटतात, आणि त्यांना तुमच्या दुःखाची कहाणी माहीत नसते. हात हळूहळू सुधारताना दिसतो. शिवाय चांगला हात असावाच लागतो असंही नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मनाला येईल ते करायला दिलं: रंग, माती, कागदाची चिकटचित्रं. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. आधी चित्रं काढलेली होती की नव्हती, याने फरक पडला नाही.

क्लासची मर्यादा मला एका शनिवारी कळली. मी बाबांची आरामखुर्ची काढली होती. सर मागून आले आणि म्हणाले, "मागचा पाय बघा, जमिनीत रुतलाय." बरोबर होतं त्यांचं. पण मला रडू फुटलं. सर गोंधळले, पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि पलीकडच्या बाईंच्या चित्राकडे वळले. मला त्यांचा राग नाही. खुर्चीचा पाय दुरुस्त करणं हे त्यांचं काम होतं. रडणाऱ्या माणसाजवळ थांबणं हे दुसऱ्या कुणाचं तरी.

थेरपिस्ट

'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ मध्ये एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने रूढ केला. क्षयरोगातून बरं होताना आरोग्यधामात त्याला चित्रांचा आधार मिळाला होता. पुढे त्यात मानसशास्त्र आलं, प्रशिक्षण आलं.

माझं सत्र तासाभराचं असे. साधारण अर्धा वेळ कागदावर, उरलेला बोलण्यात, कधी फक्त बसण्यात. पहिल्याच दिवशी मी जलरंग उचलले. ओल्या कागदावर रंग पसरत गेला आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. ताईंनी काही न बोलता तेलखडूंचा डबा पुढे सरकवला. नंतर समजावलं: पेन्सिल आणि खडू हाताच्या ताब्यात राहतात, पाणी आणि ओली माती राहत नाहीत. मन आधीच सैरभैर असेल तेव्हा ताब्यात राहणारं साधन बरं. पुढे दोन महिन्यांनी मातीही आली. खुर्ची तर तिथेही आलीच. तिचा पाय कुणी सुधारला नाही. "ही खुर्ची कुठे ठेवली आहे?" एवढंच त्यांनी विचारलं. कागदभर भिंती नव्हत्या, फरशी नव्हती. रुग्णालयातल्या शेवटच्या रात्री मी घरी जाऊन झोपले होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं.

ड्रेक्सेलच्याच गटाने २०१७ मध्ये रंगवही आणि थेरपिस्टसोबत मोकळं काम यांची तुलना केली. ताण दोन्हींत उतरला. पण उत्साह आणि 'हे मला जमेल' ही भावना थेरपिस्टसोबत जास्त वाढली. माझाही अनुभव याच्याजवळ जाणारा आहे.

पण थेरपी म्हणजे सगळ्यावर उतारा, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना गटातल्या आर्ट थेरपीची जोड देऊन विशेष फरक दिसला नाही. गंभीर आजारात मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं आधी, चित्रं त्यांच्या जोडीला. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर यातलं काहीच निवडत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन करा, मराठीतही बोलता येतं.

खर्च आणि खबरदारी

रंगवही आणि खडूंचे मिळून माझे चारशे रुपये गेले, क्लासचे महिन्याला बाराशे. थेरपीत तेवढे एका सत्रालाच लागत, आणि मी अकरा सत्रं घेतली. रक्कम लहान नाही. म्हणून पैसे भरण्याआधी चौकशी करायलाच हवी.

ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवणं कायद्याने चालत नाही. भारतात या नावाला तसं संरक्षण नाही, त्यामुळे दोन दिवसांच्या कार्यशाळेवरही तीच पाटी लागते. अशाच एका कार्यशाळेत मी सुरुवातीला गेले होते. संध्याकाळी माझं चित्र आयोजकांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर झळकलं. खाली लिहिलं होतं, "काळा रंग म्हणजे दडपलेलं दुःख." मला विचारलंही नव्हतं. काळा खडू मी घेतला होता, कारण डब्यात तेवढाच अखंड उरला होता.

म्हणून पहिल्या फोनवर सरळ विचारा. शिक्षण कुठे आणि किती काळ झालं? समुपदेशनाचं प्रशिक्षण आहे का? त्यांच्या कामावर कुणी ज्येष्ठ देखरेख ठेवतं का? माझी चित्रं कुठे राहतील आणि कोण पाहील? माझ्या ताईंकडे प्रत्येकाची फाइल कुलपात असे, आणि शेवटच्या दिवशी त्यांनी माझी माझ्या हातात दिली. या प्रश्नांवर समोरची व्यक्ती चिडली किंवा टाळाटाळ करू लागली, तर नमस्कार म्हणून फोन ठेवा आणि दुसरा नंबर लावा.