पाहुणे आठ, बाटल्या तीन: स्पार्कलिंग वाइनमध्ये घालायचं काय?

डिसेंबर लागला की गोव्यात राहणाऱ्यांकडे पुण्या-मुंबईचे नातेवाईक उतरू लागतात, आणि गोव्यात राहता म्हणजे घरात छोटासा बार असणारच, अशी त्यांची ठाम समजूत असते. आमच्या फोंड्याच्या घरी फ्रीज उघडला तर दूध, ताक आणि आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारट रसाची, बाटली दिसते. तरी गेली काही वर्षं पाहुण्यांच्या पहिल्या संध्याकाळी मी स्पार्कलिंग वाइनचं काहीतरी करतो. बिअरनं पोट भरतं, फेणीचा वास नवख्याला झेपत नाही आणि व्हिस्की काढली की जेवण अकराच्या पुढे जातं. फसफसणारा एक गार ग्लास मात्र सुंगटं (कोळंबी) तळून होईपर्यंत मंडळींना बोलतं ठेवतो.

वाइनमध्ये घालायचं काय, हा खरा प्रश्न. मी घरी चार प्रकार करून पाहिले: संत्र्याचं मिमोसा, आंब्याचं बेलिनी, आपेरोल या कडवट इटालियन मद्याचं स्प्रिट्झ आणि कोकमाचं. आठ माणसं, प्रत्येकी दोन ग्लास, म्हणजे सोळा ग्लास, असा हिशेब धरून चालू.

आधी बाटली

खरी शॅम्पेन मिळाली असेल तर ती नुसती प्या, तिच्यात रस ओतू नका. इटलीची प्रोसेको कॉकटेलला चांगली. तिचा दुसरा आंबवणीचा टप्पा, ज्यात बुडबुडे तयार होतात, मोठ्या टाकीत होतो, त्यामुळे चव हलकी, फळासारखी राहते. पण आयात शुल्कामुळे ती महाग पडते. नाशिकची सुला ब्रूट किंवा दिंडोरीची शॅन्डॉन यांचा तोच टप्पा शॅम्पेनसारखा बाटलीत होतो. बुडबुडे बारीक आणि टिकाऊ, चवीला किंचित पावासारखी छटा. तीन बाटल्या लागणार असतील तर मी डोळे मिटून नाशिककडे वळतो. (महाराष्ट्रात ही वाइन नवी नाही. नारायणगावची स्पार्कलिंग वाइन १९८० च्या दशकातच परदेशी जात होती.)

लेबलावर ‘ब्रूट’ आहे ना, तेवढं बघा. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. ‘एक्स्ट्रा ड्राय’ वाचून ती आणखी कोरडी असेल असं वाटतं, पण उलट आहे: तिच्यात १२ ते १७ ग्रॅम असते. आपण वरून गोड घालणारच, तेव्हा ब्रूटच बरी.

संत्रं

मिमोसा म्हणजे निम्मा रस, निम्मी वाइन. ग्लासाला ७५ मिली वाइन धरली तर एका बाटलीत दहा ग्लास होतात, म्हणजे दोन बाटल्यांत काम भागतं. खिशाला सगळ्यात हलकं आणि मद्यार्कही सगळ्यात कमी. हिवाळ्यात नागपुरी संत्री फोंड्याच्या बाजारातही येतात, तो योगही जुळतो.

अडचण रसाची. सोळा ग्लासांना सव्वा लिटरच्या आसपास रस लागतो, म्हणजे दीड-दोन डझन संत्री. आणि नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होत जातो, बिया चिरडल्या तर जास्तच. त्यामुळे तो आयत्या वेळी काढावा लागतो, आणि बाहेर हसण्याचे आवाज येत असताना यजमान ओट्यापाशी संत्री पिळत उभा. खोक्यातला रस वापरता येतो, पण मग ते सरबतच लागतं. शिवाय निम्मा ग्लास रसाचा म्हटल्यावर बुडबुडेही निम्मेच. सकाळच्या नाश्त्याला मिमोसा छान. संध्याकाळी ते मला मवाळ वाटतं.

आंबा

मूळ बेलिनी व्हेनिसची, हॅरीज बारमधली. पांढऱ्या पीच फळाचा गर एक भाग, प्रोसेको दोन भाग. आपल्याकडे पीचऐवजी गोव्याचा मानकुराद आंबा घातला तर जे होतं, त्याची सर वरच्या-खालच्या कुठल्याच ग्लासाला नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तक्रारी आहेत.

पहिली, मानकुराद एप्रिल-मेचा. डिसेंबरात डब्यातल्या गरावर भागवावं लागतं, आणि तो इतका गोड असतो की लिंबू पिळूनही सावरत नाही. दुसरी, गर जड. तो तळाशी बसतो आणि वर वाइन तरंगते. म्हणून गर गाळणीतून काढायचा, थोड्या गार पाण्यानं आणि लिंबाच्या चार थेंबांनी सैल करायचा. तिसरी, गरावर वाइन पडली की फेस दुधासारखा उतू येतो. ग्लास तिरपा धरून, थांबत थांबत, तीन हप्त्यांत ओतावं लागतं. सोळा ग्लास असे भरायचे म्हणजे संयमाची परीक्षा. चार माणसं असतील आणि मे महिना असेल तर मात्र दुसरा विचार करू नका.

आपेरोल

९० मिली प्रोसेको, ६० मिली आपेरोल, वर सोड्याची धार, मोठ्या ग्लासात भरपूर बर्फ आणि संत्र्याची चकती. फोटोत याच्याइतकं देखणं काही नाही. बर्फ घालूनच प्यायचं असल्यानं आपल्या दमट हवेत ते गारही राहतं, बाकीच्या तिघांना ही सोय नाही. पण सोळा ग्लासांना ९६० मिली आपेरोल लागतं. म्हणजे वाइनच्या दोन बाटल्यांबरोबर आपेरोलच्याही दोन, आणि उरलेलं पुढचं वर्षभर कपाटात. त्याचा कडवटपणा पहिल्यांदा पिणाऱ्याला कोड्यात टाकतो. आमच्या भावोजींनी घोट घेतला आणि विचारलं, “हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर?” औषधाबद्दल विचारतात तसं.

मद्यार्काचंही बघा. मिमोसाच्या ग्लासात साधारण ९ मिली शुद्ध मद्यार्क जातो, या ग्लासात १७ च्या आसपास, आणि चवीला दोन्ही सारखीच हलकी. पाहुण्यांपैकी कोणी रात्री गाडी चालवत म्हापशाला परतणार असेल तर त्याला हे सांगून ठेवा. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे.

कोकम

ग्लासात २० मिली कोकमाचा गोड पाक, त्यावर १२० मिली वाइन, लांब चमच्यानं तळातून एकदाच वर. संपलं. पाक पातळ असल्यानं फेस आवरतो, चवीत आंबटपणा असल्यानं लिंबू लागत नाही. तळाशी गडद लाल, वर गुलाबी असा रंग चढत जातो. इथे बाटल्या तीन लागतात, कारण एका बाटलीत सहाच ग्लास बसतात. खर्च मिमोसापेक्षा एका बाटलीनं जास्त, पण संत्री पिळायची नाहीत, गर गाळायचा नाही, आणि पाक मे महिन्यात करून ठेवला तर डिसेंबरात फक्त बाटली काढायची.

पाक कोणता घेता याला फार महत्त्व आहे. बाजारच्या अमृत कोकमात बऱ्याचदा जिरं आणि मीठ असतं. सरबताला ते छान, वाइनमध्ये जिरं म्हणजे घात. ताज्या भिंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली साखरेत थरावर थर लावून बरणीत ठेवायच्या आणि ऊन दाखवायचं. सुटलेला पाक गाळला की झालं. आगळ मात्र वेगळं. ते खारट असतं आणि बाटलीत पाकासारखंच दिसतं. एका वर्षी घाईत मी पहिले चार ग्लास आगळाचे केले. कोणी काही बोललं नाही, फक्त वहिनींनी हळूच विचारलं, “सोलकढीत नारळ घालायचा राहिला का?” तेव्हापासून दोन्ही बाटल्यांवर कागद चिकटवलेला आहे.

पण मी कोकमावर थांबलो त्याचं कारण चव नव्हे, आमची काकू. आपल्याकडे आठ पाहुण्यांत दोघं-तिघं न पिणारी असतात, आणि त्यांच्या हातात स्टीलच्या पेल्यातलं सरबत आलं की ती आपोआप कोपऱ्यात सरकतात. कोकमाच्या पाकात वाइनऐवजी गार सोडा घातला तरी ग्लास हुबेहूब तसाच दिसतो. चवही चांगली लागते. संत्र्यात आणि आंब्यात सोडा घालून पाहिलाय, ते पुचाट लागतं. फक्त बिनदारूच्या ग्लासात पुदिन्याचं पान टाकायचं आणि ते सगळ्यांना आधी सांगायचं. ट्रे फिरताना ग्लासांची अदलाबदल एकदा झालेली आहे, आणि काकूंनी त्या दिवशी सरबताचं जरा जास्तच कौतुक केलं होतं.

कोणीतरी हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, घालायचं सुचवेलच. तो मार्चच्या सुमारास येतो, आणि त्याला लिंबू, मीठ, चिरलेली मिरची एवढीच संगत मानवते. वाइनबरोबर दोघांचंही नुकसान. जिन घालून फ्रेंच ७५ नावाचं कॉकटेल होतं, पण त्यात लिंबाचा रस, साखरेचा पाक असं चौघांचं माप सांभाळावं लागतं आणि चढतंही लवकर.

काहीही ठरवलंत तरी वाइन पुरती गार हवी, कारण कोमट वाइनमधला वायू बूच निघताच पळून जातो. बाटल्या दुपारीच फ्रीजमध्ये आडव्या घाला. विसरलात तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून त्यात वीस-पंचवीस मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा हे लवकर होतं. फ्रीझरमध्ये ठेवाल आणि गप्पांत विसराल तर बाटली फुटते. उघडताना तारेची जाळी सैल करा, अंगठा बुचावर ठेवा, आणि बूच न फिरवता बाटली फिरवा. हलकासा उसासा आला पाहिजे. ‘फट्ट’ आवाजाला टाळ्या पडतात खऱ्या, पण एक ग्लासभर वाइन फरशीवर जाते, आणि तिसऱ्या बाटलीत नेमका तोच ग्लास कमी पडतो.