पीएनपीएम १० : काही महिन्यांच्या वापरानंतर

एनपीएम आणि पीएनपीएम ही जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस इन्स्टॉल करायची साधनं. आमचे फ्रंटएंड प्रोजेक्ट एनपीएमवरून पीएनपीएमवर आणले ते वेगासाठी नव्हे. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक, डीबग अशा १८ पॅकेजेसमध्ये घातक कोड घुसला. ती सांभाळणाऱ्याला एनपीएमच्या नावाने खोटा मेल पाठवून त्याचं खातं बळकावलं होतं. आठवडाभरातच शाई-हुलूद हा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, आला. त्यानंतर इन्स्टॉलची कमांड मारताना धाकधूक व्हायला लागली.

पीएनपीएमच्या आवृत्ती १० मध्ये डिपेंडन्सीच्या (आपला प्रोजेक्ट ज्यांवर अवलंबून असतो त्या पॅकेजेसच्या) इन्स्टॉल स्क्रिप्ट्स, म्हणजे इन्स्टॉल होताना चालणारा कोड, आपोआप चालत नाहीत. शाई-हुलूद पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्टमधूनच चालायचा : मशीनवरची टोकन्स (खात्यात शिरायच्या डिजिटल किल्ल्या) चोरायची आणि त्यांच्याच जोरावर त्या डेव्हलपरची बाकीची पॅकेजेस बाधित करायची. इथे ईएसबिल्डसारखं (कोड बांधणारं) पॅकेज टाकलं की पीएनपीएम सांगतं, याची बिल्ड स्क्रिप्ट अडवली आहे. ‘अप्रूव्ह-बिल्ड्स’ चालवून परवानगी द्यायची. ती फाइलमध्ये नोंदली जाते, त्यामुळे कोड रिव्ह्यूत सगळ्यांना दिसते. आमच्याकडे मोजक्याच पॅकेजेसना ती लागली.

पण चॉकमध्ये इन्स्टॉल स्क्रिप्ट नव्हतीच. तो कोड ब्राउझरमध्ये चालून क्रिप्टो व्यवहारातला वॉलेटचा पत्ता बदलायचा. त्यावर खरा उतारा १०.१६ मध्ये आलेली ‘मिनिमम रिलीज एज’ ही सेटिंग. आकडा मिनिटांत द्यायचा; १४४० म्हणजे एक दिवस. तेवढं वय झाल्याशिवाय नवी आवृत्ती घेतलीच जात नाही. चॉकच्या घातक आवृत्त्या काही तासांतच काढल्या गेल्या होत्या, म्हणजे एका दिवसाचा थांबाही पुरला असता. आम्ही ४३२० ठेवलंय. केवळ या एका सेटिंगसाठी मी पीएनपीएम सुचवेन.

अडचण आली ती डिसेंबरात. रिअ‍ॅक्ट या लायब्ररीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागातली (सर्व्हर कॉम्पोनंट्स) १० पैकी १० तीव्रतेची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली. आमचं अ‍ॅप रिअ‍ॅक्टवर आधारलेल्या नेक्स्ट या फ्रेमवर्कवर, दुरुस्त आवृत्ती तातडीने हवी, आणि पीएनपीएम नियमाप्रमाणे तीच अडवून बसलेलं. थांब्याचा नियम लागू नसलेल्या पॅकेजेसच्या सूट-यादीत नुसतं नेक्स्ट घालून भागलं नाही. त्याच्याबरोबर त्याच क्रमांकाने निघणारी पॅकेजेसही घालावी लागली. टीममध्ये ही यादी कुठे असते हे सगळ्यांना माहीत हवं.

जुन्या प्रोजेक्टने मात्र दमवलं. पॅकेज डॉट जेसनमध्ये (प्रोजेक्टच्या पॅकेजेसची यादी असलेल्या फाइलमध्ये) नावच नसलेल्या लायब्रऱ्या कोडमध्ये बिनदिक्कत इंपोर्ट केलेल्या होत्या. एनपीएममध्ये ते खपतं, इथे बिल्ड पडतो. एकेक शोधून नोंदवल्या. कटकट झाली, पण आपण नक्की काय काय वापरतो ते तेव्हाच कळलं.

शेवटचं : थांब्यातून सूट देताना अख्ख्या पॅकेजला देऊ नका. हवी ती आवृत्तीच क्रमांकासह लिहा.