नव्वद टक्क्यांचे आमिष आणि माझा मूळ दाखला

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहते आणि घरी शिवणकाम करते. दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. तेव्हापासून डावा पाय अधू आहे आणि कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, बांधल्याशिवाय मला चालता येत नाही. गेल्या वर्षी एका माणसाने मला नऊ हजार रुपयांना फसवले. पैशांहून मोठे नुकसान वेगळेच झाले आणि ते आणखी कोणाचे होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्याकडे शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेला १९९३ सालचा अपंगत्वाचा दाखला होता. हाताने लिहिलेला, कोपऱ्यात दोन वेण्या घातलेल्या मुलीचा, म्हणजे माझा, फोटो आणि त्यावर अर्धाच उमटलेला जांभळा शिक्का. त्या एका कागदावर माझी इतकी वर्षे भागली. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या पेन्शनसाठी अर्ज करायचे ठरवले तेव्हा मात्र समजले की आता यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, हवे आणि १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ऑनलाइन पद्धतीनेच मिळते.

ही चौकशी करून कचेरीबाहेर आले, तिथेच तो भेटला. चाळिशीचा, बोलायला आर्जवी, काखेत प्लास्टिकचा फोल्डर. म्हणाला, “बाय, तुमचे लहानपणापासूनचे आहे ना? मग डॉक्टरांच्या बोर्डापुढे तपासणीला जायची गरजच नाही. जुन्या दाखल्यावर नवे कार्ड होते. नव्वद टक्के करून देतो, म्हणजे पेन्शनही जास्त मिळेल.” फोल्डरमधून त्याने तीन-चार दाखले काढून दाखवले. त्यांपैकी एक कोणा बाईचा होता, झेरॉक्स नव्हे, मूळ. “हिचे पैसे महिन्याभरात सुरू झाले,” असे त्याने सांगितले आणि मी विश्वास ठेवला.

का ठेवला, हेही सांगायला हवे. सोळाव्या वर्षी दाखल्यासाठी गेले होते तेव्हा भरल्या खोलीत मला कॅलिपर काढून चालायला लावले होते. चार पावलांवर मी पडले. तो प्रसंग मनातून कधी गेला नाही आणि पुन्हा कोणापुढे पाय उघडा करण्याच्या कल्पनेनेच मला नकोसे होत असे. शिवाय जे जन्मभर डोळ्यांना दिसते आहे ते पुन्हा कशाला तपासायचे, असे मलाही मनापासून वाटत होते. त्याने नेमके तेच बोलून दाखवले. चार हजार रोख आणि पाच हजार यूपीआयने दिले. आधार कार्डाची प्रत, फोटो आणि मूळ दाखला त्याच्या हवाली केला. मोबाइलवर आलेला ओटीपीही सांगितला.

पाच आठवड्यांनी त्याने लॅमिनेट केलेले कार्ड आणून दिले. त्यावर ९१ टक्के असे छापले होते. पेन्शनच्या अर्जासोबत ते घेऊन गेले तेव्हा तिथल्या बाईंनी कार्डावरचा क्रमांक संगणकावर घालून पाहिला. असा क्रमांक अस्तित्वातच नव्हता. त्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि हलक्या आवाजात सांगितले की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे लबाडीने लाभ घेणाऱ्याला, किंवा तसा प्रयत्न करणाऱ्यालाही, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. माझा पाय खरा अधू, आणि हातातले कार्ड खोटे! त्यांनी माझी हकीकत ऐकून घेतली, म्हणून मी त्या दिवशी सुखरूप घरी आले.

पुढचा घोळ याहून चिवट निघाला. स्वतः नोंदणी करायला बसले तर माझ्या आधार क्रमांकावर अर्ज आधीच भरलेला होता आणि त्याला मोबाइल त्या माणसाचा जोडलेला होता. तपासणीची तारीख, त्रुटींची सूचना, जे काही येईल ते त्याच्याकडेच जाणार. हे दुरुस्त करून घेण्यासाठी लेखी अर्ज, तीन फेऱ्या आणि दोन महिने लागले.

अखेर म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. मला पडद्याआड बसवले, एक परिचारिका जवळ उभी राहिली. डॉक्टरांनी कापडी टेप काढली, तसलीच जी दिवसभर माझ्या गळ्यात असते, आणि कमरेच्या हाडापासून घोट्याच्या हाडापर्यंत आधी उजवा पाय मापला, मग डावा. दोन इंचांचा फरक निघाला. त्यांनी तिथल्या तिथे समजावले की पहिला अर्धा इंच धरत नाहीत आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला चार टक्के धरतात; त्याशिवाय स्नायूंचा जोर, सांध्यांची हालचाल, उभे राहणे, चालणे हे सारे पाहून एकत्रित आकडा ठरतो. माझा ६० टक्के आला. व्यंग बदलणारे नसल्यामुळे प्रमाणपत्र कायमचे मिळाले. लहानपणापासूनच्या व्यंगाचा फायदा झाला तो इथे, मुदत न घालण्यात. नवे प्रमाणपत्र काढताना तपासणी मात्र चुकत नाही. कायद्याने बहुतेक लाभांसाठी ४० टक्के पुरतात, तेव्हा त्या नव्वदची मला गरजही नव्हती. या सगळ्यासाठी सरकारी शुल्क म्हणून एक रुपयाही द्यावा लागला नाही.

अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी मोबाइल क्रमांक स्वतःचा किंवा घरच्यांचाच घाला, ओटीपी कोणालाही सांगू नका आणि मूळ कागद दाखवून लगेच परत घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. मी लाजेपोटी सात आठवडे गप्प बसले. तोवर त्याच्या खात्यात काही उरले नव्हते. पोलिसांत तक्रार नोंदवली आहे, यूपीआयची नोंद जोडली आहे, पण तो अजून सापडलेला नाही.

त्याच्या फोल्डरमधल्या त्या बाईचा मूळ दाखला त्याच्याकडे कसा आला असेल, हे मला फार उशिरा उमगले. आता तसाच माझाही त्याच्याकडे आहे. म्हणून कोणी तुमच्यापुढे १९९३ सालचा हस्तलिखित दाखला धरला, त्यावर दोन वेण्यांच्या मुलीचा फोटो आणि अर्धाच उमटलेला जांभळा शिक्का असला आणि “हिचे पैसे महिन्याभरात सुरू झाले” असे तो म्हणाला, तर तो दाखला माझा आहे आणि त्या दाखल्यावर मला काहीही मिळालेले नाही.