दादर–रायगड एकदिवसीय सहल: बसला दोन तारे, गाइडला पाच

बस दादरहून पहाटे साडेपाचला सुटणार होती. सुटली साडेसहाला, आणि मग चेंबूर, वाशी, पनवेल करत एकेकाला उचलत रमतगमत निघाली. माझी सीट मागे गेली ती पुढे यायला तयार नव्हती. सासूबाईंच्या डोक्यावर एसीचं पाणी ठिबकत होतं. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून त्या माणगावपर्यंत खुशाल झोपल्या!

पॅकेजमध्ये रोपवे आहे, पण रविवारची रांग कुणी हिशेबात धरलेली नाही. पाळण्यात बसलं की पाचेक मिनिटांत वर. गुडघेवाल्यांना दुसरा इलाज नाही, नाहीतर चित्तदरवाजाकडून दीडेक हजार पायऱ्या आहेत.

पैसे वसूल झाले ते गाइडमुळे. महाडकडचा तरुण पोरगा, उगाच आवाज चढवून भाषण नाही. आम्हाला सिंहासनाच्या जागेजवळ थांबवून स्वतः नगारखान्याच्या कमानीत गेला आणि तिथून कागद फाडला. दोनेकशे फुटांवरून तो टर्र आवाज स्वच्छ ऐकू आला. ‘अगं, मलासुद्धा आला की!’ सासूबाई म्हणाल्या. (घरी यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.) पुढे जगदीश्वराच्या पायरीशी तो उकिडवा बसला, अंगाची सावली पाडली आणि मोबाइलचा दिवा दगडाला लावून आडवा धरला. झिजलेली अक्षरं लगेच उठली: ‘सेवेचे ठायी तत्पर’. राजधानी बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी नाव कोरलं ते पायरीवर. आमच्यातले निम्मे तोवर त्यावरून चालत गेले होते.

पण गडावर वेळ मिळाला जेमतेम दोन तास. १६७४ साली जिथे राज्याभिषेक झाला, तिथे आयोजकांचा माणूस ‘चला, चला’ करत घड्याळ दाखवतोय! टकमक टोक लांबूनच पाहिलं. पाचाडची जिजाऊंची समाधी तर बसच्या खिडकीतून, तीही चुकीच्या बाजूला बसलेल्यांना नाहीच. जेवण मात्र पाचाडच्या एका घरात, तांदळाची गरम भाकरी, पिठलं, ठेचा. वाढणाऱ्या मावशींनी कुणालाच घाई केली नाही.

जमलं तर आदल्या रात्री पाचाडला मुक्काम करा, सकाळी लवकर गड गाठा आणि गाइड वेगळा घ्या. ६ जूनच्या आसपास निवांत गड बघायचा विचारही करू नका, राज्याभिषेक सोहळ्याला मुंगीला शिरायला जागा नसते.