न्यूयॉर्क-जर्सीतलं ॲपल पिकिंग: सात बागा आणि पिशवीचा हिशोब

सप्टेंबर लागला की न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटी, पर्सिपनी इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "पिकिंगला (म्हणजे बागेत जाऊन स्वतः सफरचंदं तोडायला) कुठे जायचं?" सुरू होतं आणि दहा जण दहा बागांची नावं टाकतात. तारीख मात्र कुणी विचारत नाही. बाग कितीही नावाजलेली असो, त्या शनिवारी झाडावर काय तयार आहे यावर सगळी सहल अवलंबून असते. म्हणून आधी सफरचंदाची जात ठरवा, तिच्यावरून तारीख आणि शेवटी बाग.

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन खोऱ्यात या जाती पिकण्याचा क्रम साधारण असा. सप्टेंबरच्या सुरुवातीला गाला, पाठोपाठ मॅकिंटॉश आणि हनीक्रिस्प. महिन्याच्या उत्तरार्धात कॉर्टलंड आणि मॅकून. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एम्पायर, जोनागोल्ड, गोल्डन आणि रेड डेलिशस. त्यानंतर स्टेमन वाइनसॅप, फुजी, ग्रॅनी स्मिथ, आणि सगळ्यात शेवटी पिंक लेडी. मध्य जर्सीत हेच सगळं आठवडाभर आधी येतं. ऊन-पावसाप्रमाणे दरवर्षी थोडं पुढेमागे होतं, त्यामुळे निघायच्या आदल्या संध्याकाळी बागेच्या संकेतस्थळावर 'आज काय तोडता येईल' ते पाहणं सक्तीचं समजा. हनीक्रिस्पसाठी जाणार असाल तर सप्टेंबरचा मधला आठवडा गाठा, तोही शुक्रवारी. शनिवार-रविवारी हाताला येणाऱ्या फांद्या दुपारपर्यंत रिकाम्या होतात. शिवाय ही जात एक वर्ष भरभरून धरली की पुढच्या वर्षी हात आखडता घेते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या फोटोंवर विसंबू नका.

आता बागा. न्यूयॉर्कच्या ऑरेंज काउंटीतलं वॉरविक हे जर्सीकरांचं जुनं ठिकाण, आणि तिथली मास्कर ऑर्चर्ड्स आमची पहिली पसंती. कारण साधं आहे: गाडी थेट झाडांच्या रांगांपर्यंत नेता येते. भारतातून आलेले आई-बाबा, गुडघेदुखी, तान्हं बाळ, डब्यांच्या पिशव्या हे सगळं लक्षात घेतलं तर या सोयीची किंमत कळते. मोजायची ती सफरचंदांच्या पिशवीची किंमत. माणशी तिकिटाची भानगड नाही. बाग टेकडीच्या उतारावर आहे, पाऊस पडून गेला असेल तर गवत निसरडं होतं. चपला घालून जाऊ नका, जुने बूट घाला. वॉरविकलाच ऑक्स ऑर्चर्ड आहे, तिथून खालचं खोरं सुरेख दिसतं आणि आइस्क्रीमही चांगलं मिळतं. पेनिंग्ज फार्मवर पब आहे, तिथे बिअर आणि हार्ड सायडरचा जोर अधिक.

वॉरविकला जाताना वाट मात्र जपून निवडा. नकाशा बहुधा १७ए रस्ता दाखवतो. त्याच रस्त्यावर टक्सीडोजवळ ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शनिवार-रविवारी रेनेसाँ फेअर भरते आणि सकाळी दहानंतर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. एडिसनहून २८७, मग २३ आणि हॅम्बर्ग-व्हर्ननमार्गे ९४ धरलात तर अंतर थोडं वाढतं पण डोकं शांत राहतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी वॉरविक गावात ॲपलफेस्ट असतो. जत्रा बघायची असेल तर खुशाल जा, पण सफरचंदं तोडायला तो दिवस टाळा. गाडी लावण्यातच सकाळ जाते. गाडी नसलेल्यांसाठी मॅनहॅटनच्या पोर्ट अथॉरिटीहून वॉरविकपर्यंत एनजे ट्रान्झिटची बस आहे. पुढे बागेपर्यंत टॅक्सी लागते आणि ती आधी ठरवलेली बरी.

मध्य जर्सीत राहणाऱ्यांनी इतकं लांब जायलाच हवं असं नाही. प्रिन्स्टनजवळची टर्ह्यून ऑर्चर्ड्स एडिसनहून पाऊण तासावर आहे. इथे नवख्यांचा एक गोंधळ ठरलेला: दुकान, डोनट आणि प्राणी कोल्ड सॉइल रोडवर, तर सफरचंदं तोडायची बाग व्हॅन कर्क रोडवर. जीपीएसवर नुसतं नाव टाकलं तर तुम्ही दुकानाच्या गर्दीत पोहोचता. आधी व्हॅन कर्कला जा, पिशवी भरा आणि मग सायडरसाठी दुकानात या. झाडं बुटकी आहेत, चार वर्षांच्या मुलाचाही हात पोहोचतो. लहान मुलं असलेल्या घरांना आम्ही डोळे झाकून हीच बाग सुचवू.

फ्रीहोल्डची बॅटलव्ह्यू ऑर्चर्ड्स मनमथ रणभूमी उद्यानाला लागून आहे. वॉशिंग्टनच्या सैन्याची इंग्रजांशी २८ जून १७७८ रोजी लढाई झाली ती हीच जागा. तासाभरात तोडणी आटपून डबा घेऊन उद्यानात बसायचं, हा बेत छान जमतो. मॉरिस काउंटीतलं चेस्टरचं ॲलस्टीड फार्म्स मात्र वेगळ्या प्रकारचं आहे. मक्याचा भूलभुलैया, घोडागाडी, भोपळे, खेळ असा तिथे पूर्ण दिवसाचा कार्यक्रम असतो आणि माणशी प्रवेशशुल्क त्याच हिशोबाने असतं. मुलं पाच ते दहा वर्षांची असतील तर पैसे वसूल होतात. फक्त सफरचंदं हवी असतील तर ती महाग पडतील.

हडसनच्या पूर्वेला, होपवेल जंक्शनजवळ फिशकिल फार्म्स आहे. रूझवेल्ट यांचे अर्थमंत्री झालेले हेन्री मॉर्गेन्थॉ (धाकटे) यांनी ती १९१३ साली सुरू केली. सेंद्रिय आणि कमी फवारणीची फळं ही तिची ओळख, त्यामुळे काही फळांवर काजळीसारखे पुसट डाग दिसतात. ती सालीवर वाढणारी बुरशी असते, ओल्या फडक्याने चोळली की बरीचशी जाते आणि आतल्या गराला काही होत नाही. हंगामातल्या शनिवार-रविवारी इथे आधी ऑनलाइन आरक्षण लागतं. पोहोचून बघू म्हणणाऱ्यांना परत फिरावं लागतं. जर्सीहून दीड तास धरा. कोलंबस डेच्या सुट्टीत ८७ वर हॅरिमनपाशी वुडबरी कॉमन या आउटलेट मॉलच्या खरेदीवाल्यांची रांग लागते, तेव्हा दोन तासांहून जास्त. सेलची पिशवी आणि सफरचंदांची पिशवी एकाच दिवशी भरण्याचा मोह या मार्गावर अनेकांना होतो. दोन्हीपैकी एक नीट होतं.

दराच्या पाटीकडे वळू. 'पेक' म्हणजे बुशेल या मापाचा चौथा भाग: साधारण साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलो, मध्यम आकाराची तीसेक सफरचंदं. 'हाफ बुशेल' त्याच्या दुप्पट, साठेक फळं. चौघांच्या घरात रोज प्रत्येकी एक खाल्लं तर पेक आठवडाभर पुरतो, हाफ बुशेल दोन आठवडे. पहिल्यांदा जाणारे हटकून मोठी पिशवी घेतात आणि पुढच्या बुधवारी शेजाऱ्यांकडे फळं वाटत फिरतात. माणशी तिकीट आणि वर पौंडामागे पैसे अशी पद्धत असेल तर हिशोब घरूनच मांडा: समजा तिकीट १२ डॉलर आणि माणसं चार, तर पहिलं फळ हातात येण्याआधीच ४८ डॉलर गेले. दुकानापेक्षा स्वस्त पडेल या आशेने कुठल्याच बागेत जाऊ नका.

तोडायची पद्धत मुलांना गाडीतच समजावून ठेवा. फळ तळहातात धरायचं, वर उचलायचं आणि हलकेच पिळायचं. पिकलेलं फळ देठासकट सुटून येतं. खाली ओढलं तर सोबत आखूड, सुरकुतलेली काडी तुटते. पुढच्या वर्षीचा मोहोर तिच्यावरच येणार असतो, म्हणून बागवाले चिडतात. फांदी हलवायची नाही, एक ओढताना चार खाली पडतात. देठ निघालेलं फळ आधी खाऊन टाका, ते टिकत नाही. हनीक्रिस्पची साल पातळ असते, एकाचा देठ दुसऱ्यात घुसला की तिथून सड सुरू होते. म्हणून पिशवीत फेकू नका, ठेवा.

रंगावर जाऊ नका. काश्मीरच्या लालभडक डेलिशसवर वाढलेले डोळे इथेही तोच लाल शोधतात, पण आताच्या पुष्कळ लाल वाणांना पिकण्याच्या बरंच आधी रंग चढतो. लाल पट्ट्यांमधली मूळ साल बघा. ती गवती हिरवी असेल तर फळ कच्चं, पिवळसर झाली असेल तर तयार. शंका असेल तर एक कापा: बी तपकिरी असायला हवं. झाडाच्या बाहेरच्या आणि वरच्या बाजूची, उन्हाकडची फळं आधी पिकतात. सगळे जण फाटकाजवळच्या रांगांमध्येच घुटमळतात. दहा मिनिटं आत चालत गेलात तर त्याच जातीची भरलेली झाडं सापडतात.

खाली पडलेलं फळ कितीही सुंदर दिसलं तरी उचलायचं नाही. बागेत हरणं फिरतात, त्यांच्या लेंड्यांतून ई. कोलायसारखे जंतू फळाला लागू शकतात. न धुता झाडाखाली खाण्याची मजा सगळ्यांनाच हवी असते, पण पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि फळ धुऊन खा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरणांवरच्या गोचिडी जोरात असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. फिक्या रंगाची पूर्ण लांबीची पँट घाला, तिची टोकं मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यांमागे, काखेत, केसांत तपासा. सप्टेंबरात पिवळ्या गांधीलमाश्या गोडावर तुटून पडतात. सायडरच्या कपाला झाकण ठेवा, विशेषतः मुलांच्या.

सायडरवरून एक सूचना. पाटीवर नुसतं 'सायडर' असेल तर तो सफरचंदांचा न गाळलेला रस, मद्य नाही. 'हार्ड सायडर' मात्र मद्य. बाटलीवर पाश्चराइज्ड लिहिलंय का ते बघा. गर्भवती, लहान मुलं आणि वयस्कर यांनी कच्चा रस टाळावा. सायडर डोनट गरम मिळाले तरच घ्या, दुपारच्या गर्दीत आधीच तळून पिशवीत बांधलेले तेलकट लागतात. ते अंडं घालून करतात, उपवास किंवा व्रत असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. नवरात्र नेमकं याच दिवसांत येतं.

घरी आल्यावर फळं धुवू नका. कोरडीच भोकांच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर ती कित्येक पटींनी लवकर मऊ पडतात. सफरचंदातून इथिलीन वायू निघतो, त्याने शेजारची कोथिंबीर आणि मेथी पिवळी पडते, गाजरं कडवट होतात. भाजीचा कप्पा वेगळा ठेवा. मॅकिंटॉश आधी संपवा, तिला टिकाऊपणा कमी. एम्पायर आणि फुजी महिनोन्महिने राहतात.

स्वयंपाकात कुठली कशाला, यात बरेच जण फसतात. मॅकिंटॉश शिजली की विरघळते, म्हणून ती सॉसला उत्तम पण साखरांब्याला निकामी. साखरांब्याला जोनागोल्ड किंवा गोल्डन डेलिशस घ्या, फोडी शाबूत राहतात. कॉर्टलंड चिरल्यावर लवकर काळी पडत नाही, कोशिंबिरीला आणि मुलांच्या डब्याला तीच. आणि ऑक्टोबरअखेर ग्रॅनी स्मिथ मिळाली तर कैरीची तहान भागते: दोन मध्यम फळं सालीसकट किसा, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तिखट, लिंबाएवढा गूळ, वर दोन चमचे तेलात मोहरी, हिंग आणि हळदीची फोडणी गार करून घाला. हा टक्कू फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो, नंतर पाणी सुटतं.