टोकियो स्टोरी की लेट स्प्रिंग, आधी कुठली बघायची?

जपानी दिग्दर्शक ओझूचा अजून एकही सिनेमा बघितला नसेल तर बहुतेकांची गाडी या दोन नावांवरच अडते. दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट, दोन्हीत अभिनेत्री सेत्सुको हारा, दोन्हीत तिचं नाव नोरिकोच, पण बघून उठल्यावर लोक जे बोलतात ते पार वेगळं.

टोकियो स्टोरीबद्दल (1953) पहिली तक्रार ठरलेली, फार स्लो आहे. आहेच, 136 मिनिटं आणि कॅमेरा जवळपास हलतच नाही, ओनोमिचीचे म्हातारे आईवडील मुलांना भेटायला टोकियोला येतात आणि बराच वेळ काही घडतंय असं वाटतच नाही. पण हेच लोक नंतर मोठ्या मुलीवर, शिगेवर, असे चिडलेले असतात की विचारू नका. नवऱ्याने सासूसासऱ्यांसाठी केक आणला तर म्हणते एवढा महागाचा कशाला, स्वतःच्या पार्लरमधल्या बाईला सांगते गावाकडचे ओळखीचे आलेत, मग भाऊबहीण मिळून त्यांना अतामीला, गरम झऱ्यांच्या पर्यटनस्थळी, पाठवून देतात आणि तिथल्या गोंगाटात त्या दोघांना रात्रभर झोप नाही. काहीजण मात्र म्हणतात शिगे वाईट नाहीये, तिला धंदा बघायचाय, डॉक्टर भावाला पेशंट सोडवत नाहीत. मलाही हेच पटतं, कारण विधवा सून नोरिको, जी त्यांच्यासाठी कामावर सुट्टी काढते, तीच शेवटी चिडलेल्या धाकट्या नणंदेला समजावते की मुलं मोठी झाली की त्यांचं स्वतःचं आयुष्य असतं.

लेट स्प्रिंग (1949) 108 मिनिटांची, त्यामानाने हलकी सुरू होते. कामाकुराचे विधुर प्रोफेसर आणि 27 वर्षांची मुलगी, तिला लग्न नकोय, आत्या मागे लागलीये. इथे तरुण प्रेक्षक वैतागतात, तिला राहायचंय तर राहू द्या ना! आणि तो राग योग्यच आहे, नवरामुलगा तर पडद्यावर एकदाही दिसत नाही. बापलेकीच्या क्योतोच्या मुक्कामात रात्री कॅमेरा एका फुलदाणीवर थांबतो, त्या शॉटवर अजून वाद चालतात, कुणाला तिथेच रडू येतं, कुणाला काहीच वाटत नाही.

लग्नाचा विषय घरात तापलेला असेल तर लेट स्प्रिंग घ्या, लगेच भिडेल. बाकी सगळ्यांना मी टोकियो स्टोरीच आधी सांगेन, फक्त मोबाइलवर तुकड्यातुकड्यात नको, एका बैठकीत बघा, आणि आईवडील लांब राहत असतील तर नक्कीच.